बंडखोरांची पिढी आणि इंद्रायणीचें पाणी

मराठी वाङ्मयांत साधारणतः १९५५ पासून १९७५ पर्यंत तरुण लेखकांचें जें बंड झालें, त्याविषयीं सुशिक्षित कुटुंबांत आजहि दोन मतें ऐकूं येतात. एक मत असें कीं, हें बंड परदेशांतून आयात केलेलें होतें. अमेरिकेंत बीटनिक आणि हिप्पी निघाले, म्हणून येथेंहि कांहीं दाढीवाल्या मंडळींनीं त्यांची नक्कल केली, आणि तेव्हांपासून घराघरांतील शिस्त सैल होत गेली. दुसरें मत याच्या अगदीं उलट आहे. या बंडानें मराठी मन मुक्त केलें, जुनीं मूल्यें जमीनदोस्त केलीं आणि साहित्याचा नवा पाया घातला, असें त्याचें म्हणणें. पहिलें मत बहुधा ज्यांनीं तें साहित्य वाचलेलें नाहीं त्यांचें असतें. दुसरें बहुधा त्या साहित्यिकांच्या मित्रांचें असतें. दोन्ही आम्हांस अपुरीं वाटतात.

पहिलें मत लोणावळ्यांत जितक्या हिरीरीनें मांडलें जातें तितकें क्वचितच दुसरीकडे मांडलें जात असेल. आणि त्यास कारणहि तसेंच आहे. पावसाळ्यांतील शनिवार-रविवारीं भुशी धरणाच्या पायऱ्यांवर आणि टायगर पॉइंटच्या वाटेवर मुंबई-पुण्याच्या तरुणांची जी झुंबड उडते, ती पाहून येथील वयस्क गृहस्थ कपाळास आठ्या घालून म्हणतात, ‘घ्या, हें तुमचें साठ सालानंतरचें स्वातंत्र्य!’ गाड्यांतून ठणाणणारें संगीत, रस्त्याच्या कडेस फोडलेल्या बाटल्या, घाटांत खोळंबलेली वाहनांची रांग, यांचा त्रास खरा आहे, आणि मावळांत राहणाऱ्यास तो सांगावयास नको. परंतु या गर्दीस बंडखोर म्हणणें ही बंड या शब्दाची थट्टा होय. सोमवारीं सकाळीं हीच मंडळी गळ्यांत ओळखपत्र अडकवून कचेरींत वेळेवर हजर असतात. विजार फाटेपर्यंत तीं ती वापरीत नाहींत. फाटकीच विकत घेतात. ज्याचें कोणाशींहि भांडण नाहीं तो बंडखोर कसला? बाजारानें बंडाचा पोषाख तेवढा उचलला आणि भांडण मागें टाकून दिलें. त्या गर्दीचा जमाखर्च अरुण कोलटकर किंवा भालचंद्र नेमाडे यांच्या खात्यावर मांडणें हा अन्याय आहे.

प्रतिसंस्कृति हा शब्द ज्या इंग्रजी शब्दावरून आपल्याकडे आला, तो थिओडोर रोझॅक या अमेरिकन प्राध्यापकाच्या १९६९ सालच्या ग्रंथानें रूढ केला. त्यांत वर्णिलेला तरुण हा समृद्धीस विटलेला तरुण होता. बापाची मोटार, बापाचें घर, विद्यापीठांतील जागा आणि पुढें जवळजवळ ठरलेली नोकरी, हें सारें हातांत असतां तें नको म्हणण्याची त्याची धडपड होती. आणि पाठीमागें व्हिएटनामचें युद्ध पेटलेलें होतें. महाराष्ट्रांतील तरुणाजवळ नको म्हणण्यासारखें फारसें कांहीं नव्हतेंच. त्यास राहावयास खोली मिळत नसे, नोकरी मिळाली तर कारकुनाची मिळे, आणि लग्न होईपर्यंत, किंबहुना झाल्यावरहि, तो बापाच्याच छपराखालीं झोपे. अमेरिकन मुलगा घर सोडून गेला. मराठी मुलगा घरांत राहून रुसला. या एका फरकामुळें दोन्ही बंडांची जात निराळी झाली. ॲलन गिन्सबर्ग १९६२-६३ सालीं हिंदुस्थानांत हिंडत होता, मुंबईच्या कांहीं कवींशीं त्याची ओळख झाली, अशोक शहाणे यांचें बंगालींतील नव्या लेखकांकडे बारीक लक्ष होतें, हें सारें खरें. पण ओळख म्हणजे उसनवारी नव्हे. जे परदेशी हिप्पी प्रत्यक्ष आपल्याकडे आले, गोव्यांत हणजूणच्या किनाऱ्यावर किंवा १९७४ ते १९८१ या काळांत पुण्याच्या कोरेगांव पार्कांत रजनीशांभोंवतीं जमले, त्यांच्याकडे मराठी मध्यमवर्गानें कुंपणाबाहेरूनच पाहिलें. त्याच्या मूल्यांवर त्यांचा परिणाम घरभाड्यापलीकडे फारसा झाला असेल असें वाटत नाहीं. आणि पाश्चात्त्य तरुण ज्या योगासाठीं घरदार सोडून निघाले, त्याची लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं स्थापिलेल्या कैवल्यधामांत चाळीस वर्षें आधींपासून प्रयोगशाळेंत तपासणी चालली होती. त्यासाठीं कोणास शाळा-कॉलेज सोडण्याची गरज पडली नाहीं.

मराठी बंडाचा खरा दस्तऐवज म्हणजे १९६३ सालीं प्रसिद्ध झालेली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’. लेखकाचें वय तेव्हां पंचवीस होतें. कथानक म्हटलें तर अगदीं साधें: खानदेशांतील एका बऱ्या स्थितींतील शेतकऱ्याचा मुलगा पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास येतो, वसतिगृहांत राहतो, खाणावळ आणि स्नेहसंमेलनें यांच्या उठाठेवी करतो, पैसे गमावतो, परीक्षेंत आपटतो आणि गांवीं परत जातो. ‘यांत ध्येय तें कोणतें?’ असें विचारणारे वाचक त्या काळींहि होते आणि आजहि आहेत. आमच्या मतें या मुलाचा रोग नीतिहीनता हा नाहीं. त्यास नीतीचा अतिरेक झालेला आहे. सार्वजनिक काम म्हणून जें सांगितलें तें त्यानें खरेंच सार्वजनिक मानलें, आणि खिशांतले पैसे घातले. बाकीच्यांनीं तें शब्दापुरतें मानलें, म्हणून ते शहाणे ठरले. वडील माणसें, प्राध्यापक, वक्ते जे शब्द उच्चारतात आणि जें आचरतात यांमधील अंतर तो मोजीत बसतो, आणि तें मोजतां मोजतां त्याचा अभ्यास बुडतो.

या कादंबरींतील ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द इतके गाजले कीं, पुढें कॉलेजांतील पोरें पत्रेंसुद्धां त्याच थाटांत लिहूं लागलीं. कित्येक समीक्षकांस ती केवळ लकब वाटली. आम्हांस ती टांचणी वाटते. ध्येय, त्याग, संस्कृति, राष्ट्रोन्नति असले फुगलेले शब्द घ्यावेत, त्यांपुढें एक ‘वगैरे’ जोडावा, कीं आंतील हवा आपोआप निघून जाते. परंतु ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, धाकट्या बहिणीच्या, मणीच्या, मृत्यूपाशीं आल्यावर हें हंसणें थांबतें. तेथें दुःख उघडें, बिनसजावटीचें उभें राहतें, आणि त्यास टांचणी लावण्याचें लेखकाच्या मनांत येत नाहीं. कोठें हंसूं नये हें ज्यास कळतें त्यास सर्वनाशवादी म्हणणें योग्य होणार नाहीं. या कादंबरीची खरी अडचण दुसरी आहे: बापाविरुद्धचें सारें बंड बापाच्याच मनीऑर्डरीवर चाललेलें असतें. पांडुरंगास याची बोचणी आहे. त्याचें अनुकरण करणाऱ्या पुष्कळांस ती नव्हती.

‘कोसला’च्या आगेंमागें निघालेलीं अनियतकालिकें हा या बंडाचा दुसरा, अधिक विस्कळीत भाग. ‘शब्द’, ‘असो’, ‘फक्त’, ‘वाचा’, ‘येरू’ हीं त्यांचीं नांवेंच पाहावींत. ‘रत्नाकर’, ‘मनोहर’, ‘ज्योत्स्ना’ अशा नांवांवर वाढलेल्या वाचकास तीं चिडविण्यासाठींच ठेविलेलीं वाटतात, आणि कांहीं अंशीं तें खरेंहि आहे. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांचा ‘शब्द’ सायक्लोस्टाइलवर निघे. थोड्या प्रती, थोडे अंक, आणि मग बंद. टिकून राहण्याची हौसच या मंडळींस नव्हती. टिकणें म्हणजे प्रस्थापित होणें, अशी त्यांची समजूत. १९६३ सालीं अशोक शहाणे यांनीं ‘मनोहर’मध्यें समकालीन मराठी वाङ्मयावर क्ष-किरण टाकणारा लेख लिहून मान्यवरांपैकीं फार थोड्यांस उभें ठेविलें. त्या लेखांतील अनेक निवाडे आज उतावळे वाटतात. ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी करण्यांतहि आम्हांस पराक्रम दिसत नाहीं, ज्या मासिकानें मर्ढेकरांच्या मागून आलेल्या नवकवितेस सन्मानानें जागा दिली, त्यास जाळण्यांत कृतघ्नतेचा वास येतो. ‘सत्यकथा’ १९८२ सालीं बंद पडली, आणि तिची उणीव भासणाऱ्यांत त्या वेळचे कांहीं बंडखोरहि असावेत.

पण एक काम या अनियतकालिकांनीं केलें तें निश्चित मूल्याचें आहे. छापील मराठी म्हणजे पुण्याच्या पेठांतील ब्राह्मणी घरांतली मराठी, हा अलिखित नियम त्यांनीं मोडला. खानदेशी बोली, मुंबईच्या चाळींतील आणि नाक्यांवरील बोली, गोदींतील मजुराची बोली, या विनोदासाठीं नव्हे, तर गंभीर आशय सांगण्यासाठीं छापल्या जाऊं लागल्या. भाऊ पाध्ये यांचा ‘वासूनाका’ १९६५ सालीं आला तेव्हां त्यावर अश्लीलतेचा गहजब झाला. तो वाचून आमच्या ओळखीच्या एका सुशील कुटुंबांत पुस्तक कपाटाच्या मागें लपविण्यांत आलें होतें, आणि तेथेंच तें घरांतील सर्वांनीं आळीपाळीनें वाचलें. निर्भीड शब्दाचा छळ मात्र साठ सालानंतर सुरू झालेला नाहीं. र. धों. कर्वे यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत खटले सोसून चालविलें, आणि १९३४ सालच्या खटल्यांत त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनीं मांडली. मर्ढेकरांच्या ‘कांहीं कविता’ १९४७ सालच्या; त्यांवरहि खटला झालाच. पुढें वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या गांधींवरील कवितेचें प्रकरण २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि तेथें प्रकाशकाची सुटका झाली तरी कवीची झाली नाहीं. ज्यांस वाटतें कीं या पिढीनें शब्दाच्या बाबतींत सारेंच बंध तोडून टाकले, त्यांनीं हा क्रम पाहावा.

बोलीचा हा प्रश्न शैलीचा नव्हता, प्रतिष्ठेचा होता, हें १९७२ सालीं नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’नें सिद्ध केलें. ढसाळ हे मावळाच्या शेजारच्या खेड तालुक्यांतील पूर-कनेरसरचे. लहानपणींच मुंबईच्या त्या वस्तींत गेले. ‘गोलपिठा’स विजय तेंडुलकर यांनीं प्रस्तावना लिहिली, आणि ती लिहिण्यापूर्वीं त्यांस अनेक शब्दांचे अर्थ कवीस विचारून घ्यावे लागले. मराठींतील एक नामांकित नाटककार, मध्यमवर्गाच्या भाषेवर ज्याचें संपूर्ण प्रभुत्व, तो मराठीच शब्दांचा अर्थ एका टॅक्सी चालविलेल्या तरुणास विचारतो! समाजमूल्यांत बदल झाला म्हणतात तो असा. कोण गुरु आणि कोण विद्यार्थी हा क्रम या एका प्रस्तावनेपुरता तरी उलटला गेला.

त्याच वर्षीं दलित पँथरची स्थापना झाली, आणि ‘साधना’च्या १५ ऑगस्टच्या अंकांत राजा ढाले यांनीं ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख लिहिला. त्यावर जें काहूर उठलें तें त्यांतील राष्ट्रध्वजाविषयींच्या शब्दांवरून. पण लेखाचा गाभा एका साध्या हिशेबांत होता: ध्वजाचा अपमान केल्यास दंड तीनशें रुपये, आणि दलित स्त्रीच्या अंगावरील वस्त्रास हात घातल्यास दंड पन्नास रुपये, तर समाजानें कशाची किंमत किती ठरविली आहे? भाषा कडक होती. कांहीं शब्द आजहि वाचवत नाहींत. परंतु मूल्य म्हणजे काय, हा प्रश्न इतक्या उघड्या आंकड्यांत मराठींत क्वचितच कोणीं विचारला असेल. ज्यांस शब्दांचा राग आला त्यांपैकीं किती जणांस त्या आंकड्यांचा आला, हें त्या दिवसांतील वर्तमानपत्रें चाळणारास समजण्यासारखें आहे. मध्यमवर्गीय बंडखोराचें भांडण अभिरुचीशीं होतें, ढाले-ढसाळांचें अपमानाशीं. दोघे एकाच अनियतकालिकांत छापले गेले म्हणून दोघांची तक्रार एकच, असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. हें बंड उसनें नव्हतें असें आम्हीं म्हटलें. मग तें कोठलें? या मंडळींचा पुढचा प्रवास पाहिला म्हणजे उत्तर आपोआप मिळतें. नेमाड्यांनीं १९८० सालीं साहित्य अकादमीसाठीं तुकोबांवर इंग्रजींत पुस्तिका लिहिली. चित्र्यांनीं आयुष्यांतील पुष्कळ वर्षें तुकोबांच्या इंग्रजी अनुवादास दिलीं आणि तो १९९१ सालीं ‘सेज तुका’ या नांवानें आला. कोलटकरांनींहि तुकोबांचे अभंग इंग्रजींत आणले. बीटनिकांचे म्हणून ज्यांची हेटाळणी झाली ते तिघेहि फिरून इंद्रायणीच्या कांठीं येऊन पोंचले, हा योगायोग नव्हे.

इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावते, मावळ ओलांडते, आणि इंदुरीजवळ जो भंडारा डोंगर तुकोबांच्या एकांतवासासाठीं प्रसिद्ध आहे त्याच्या परिसरांतून पुढें देहूस जाते. या पाण्यांत दोन प्रकारचे कागद बुडाल्याचें परंपरा सांगते. अभंगांच्या वह्या बुडविल्या गेल्या ही गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे. पण त्यापूर्वीं तुकोबांनीं लोकांस दिलेल्या कर्जाचीं खतें स्वतःच्या हातानें याच नदींत बुडविलीं, ही गोष्ट त्या मानानें कमी सांगितली जाते. आमच्या समजुतीप्रमाणें दुसरी पहिलीचें कारण आहे. ज्यानें आपल्या येण्यावर पाणी सोडलें, त्याचाच शब्द इतका जड झाला कीं, तो बुडविण्याची कोणास गरज वाटावी. पांडुरंग सांगवीकर ज्या मापानें आपल्या वडिलांस व गुरुजनांस मोजतो, तें बोलणें आणि वागणें जुळविण्याचें माप याच खोऱ्यांतलें आहे. त्यासाठीं सॅन फ्रॅन्सिस्कोस जाण्याचें कारण नाहीं.

अर्थात् त्याच मापानें बंडखोरांसहि मोजलें पाहिजे. कोणीं कोणतीं कर्जखतें बुडविलीं? कोलटकरांपुरतें उत्तर देतां येतें. पोटासाठीं ते जाहिरातींच्या धंद्यांत होते आणि त्यांत नांवाजलेले होते. परंतु कवि म्हणून मिळूं शकणारें मोठेपण त्यांनीं वसूल केलें नाहीं. १९७६ चें ‘जेजुरी’ आणि १९७७ चा मराठी संग्रह यांनंतर सुमारें पाव शतक त्यांनीं नवें पुस्तक काढलें नाहीं. ‘भिजकी वही’ आली ती २००३ सालीं, मृत्यूच्या आदल्या वर्षीं. घरांत टेलिफोन नाहीं, सभासंमेलनांत भाषण नाहीं. नेमाडे यांची गोष्ट निराळी. साहित्यसंमेलनांची टर उडवीत ते स्वतः एक पीठ झाले, प्राध्यापक झाले, २०१४ चें ज्ञानपीठ त्यांस मिळालें. यांत गैर कांहीं नाहीं. पण ‘कोसला’वर परीक्षेंत ‘नायकाची बंडखोरी सोदाहरण स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो आणि विद्यार्थी तो मार्गदर्शकांतून पाठ करून लिहितात, तेव्हां पांडुरंगानें त्यापुढें एक ‘वगैरे’ नक्कीच जोडला असता.

एका बाजूस मात्र हें माप कोणींच लावलें नाहीं, आणि ती बाजू म्हणजे घर. मावळांतील एका महाविद्यालयांत ‘कोसला’वर बोलणें चाललें असतां पवन मावळांतून येणाऱ्या एका मुलीनें उठून विचारलें, ‘सर, मणी जगली असती तर तिला पुण्याला शिकायला पाठवलं असतं का?’ मागच्या बाकांवरील मुलें हंसलीं. प्रश्न कलाकृतीच्या बाहेरचा आहे, असें समीक्षाशास्त्र सांगेल. पण वर्षानुवर्षें या कादंबरीवर झालेल्या चर्चेंत हा प्रश्न कितीदां ऐकूं आला? सांगवीकरास बापाच्या पैशाची बोचणी तरी लागते. पण ज्या मनीऑर्डरींनीं एक मुलगा पुण्यांत भटकला, त्यांत घरांतल्या मुलींचा वांटा किती होता, हें विचारण्याचें त्याच्या पिढीस सुचलें नाहीं. अनियतकालिकांच्या संपादकांचीं नांवें काढून पाहावींत. जवळजवळ सारींच पुरुषांचीं. पहाटेपर्यंत कवितेवर वाद घालून मित्र घरीं येत तेव्हां चहा कोणी टाकीत असे, याची नोंद त्यांपैकीं कोणत्याहि अंकांत नाहीं.

ती नोंद पुढें दुसऱ्यांनीं केली. महर्षि कर्व्यांची नात आणि इरावतीबाईंची कन्या गौरी देशपांडे यांची ‘एकेक पान गळावया’ १९८० च्या सुमारास आली. तिच्यांतल्या नायिका घर सोडतात किंवा घरांत राहून घराच्या अटी बदलतात, आणि त्यासाठीं अंक जाळण्याची त्यांस जरूर वाटत नाहीं. सामाजिक मूल्यांवर प्रत्यक्ष परिणाम झाला असेल तर या लिखाणाचा अधिक झाला असावा, कारण तें ज्यांनीं वाचलें त्या स्त्रियांस दुसऱ्या दिवशींच तें वापरावयाचें होतें. आणि १९८४ सालीं मल्लिका अमर शेख यांचें ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ प्रसिद्ध झालें. शाहीर अमर शेख यांची मुलगी, नामदेव ढसाळ यांची पत्नी. म्हणजे दोन चळवळींच्या घरांत वाढलेली बाई. चळवळीचा पुढारी सभेंत असतो तेव्हां त्याच्या घरांत काय असतें, ती अवहेलना आणि तो एकटेपणा तिनें कोणाची भीड न धरतां सांगितला आहे. राजा ढाल्यांनीं जो हिशेब देशापुढें मांडला होता तोच येथें एका खोलीपुरता मांडलेला दिसतो. हें पुस्तक ‘गोलपिठा’स खोटें पाडीत नाहीं, तें त्याच मापानें तोललेलें आहे, आणि म्हणून ‘गोलपिठा’बरोबर वाचलें पाहिजे. आमच्या पाहण्यांतल्या घरांतून मात्र ‘गोलपिठा’ ज्यांच्या फळीवर आहे, त्यांपैकीं फार थोड्यांच्या फळीवर हें त्याच्या शेजारीं आढळतें.